गळालेलं ‘वाटतं’

एका शब्दाने माणसाचं आयुष्य उभं राहतं किंवा आडवं होतं. हे वाक्य न्यायालयाच्या भाषांतर विभागात ठळक अक्षरांत, चौकटीत लावलेलं होतं. ज्या खिळ्याला ती चौकट टांगली होती त्यालाच सगळे आपापल्या छत्र्या अडकवत, त्यामुळे पावसाळ्यात त्यातलं ‘आडवं होतं’ एवढंच दिसे.

ती त्या चौकटीखाली सहा वर्षं बसत होती. लोकांचे जबाब आपल्या भाषेतून इंग्रजीत करायचे, कारण न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चाले. सहा वर्षं ती हंगामी होती. एवढा लांब हंगाम निसर्गातसुद्धा कुठे नसतो. आता मात्र तिला कायम करण्याचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर येऊन पडला होता आणि महिनाअखेरीस त्यावर सही होणार होती.

एका मंगळवारी चहा घेऊन ती परत आली, तर तिच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बसलेला. मांडीवर तिची फाइल, आणि डोळ्यांवर तिचा चष्मा.

“अहो... तो माझा चष्मा आहे.”

“तरीच!” तो दचकून उठला. “म्हटलं, आज एवढं स्पष्ट कसं दिसतंय. माझा घरी राहिला हो. पण आपला नंबर जुळतो बरं का.”

“काढा आधी.”

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. चष्मा नसताना त्याचे डोळे भलतेच उघडे दिसत होते, नुकतंच झोपेतून उठवलेल्या माणसासारखे. तिला हसू आलं. ते तिने चहाच्या कपात लपवलं.

तो समोरच्या इमारतीतल्या कोश मंडळात होता. इंग्रजी शब्द वाक्प्रयोगांत कसे वापरतात आणि त्यांना आपल्या भाषेत काय म्हणतात, याचा मोठा कोश मंडळ करत होतं. अकरा वर्षांत मंडळी सातव्या अक्षरापर्यंत पोचली होती. त्याच्या वाट्याला शब्द आला होता ‘गिल्टी’. जुन्या-नव्या जबाबांतली उदाहरणं टिपायची परवानगी तो साहेबांकडून घेऊन आला होता.

“एका शब्दासाठी एवढा खटाटोप?”

“शब्द एकच आहे हो, पण संगत वाईट. कुणाकुणाबरोबर हिंडतो, ते बघायला नको?”

मग तो रोज अकराला येऊ लागला. काखेत बुटांचा खोका, खोक्यात कोरी कार्डं. तिच्या टेबलापलीकडे एका स्टुलावर तो बसे. खिडकीच्या झडपांतून उन्हाच्या पट्ट्या टेबलावर पडत, आणि दुपारपर्यंत त्या त्याच्या बाजूकडून तिच्या बाजूला सरकत. साहेबांना वाटे, काम चाललंय. काम चाललंही होतं.

“‘गिल्टी लुक’?” तो कार्डावर पेन टेकवून विचारी.

“चोरटी नजर.”

“वाक्यात उपयोग करा.”

“समोरचे गृहस्थ फाइल वाचण्याचं सोंग करून... चोरटी नजर टाकत होते.”

त्याचे कान लाल झाले. पण ते वाक्य त्याने इमानदारीत कार्डावर उतरवून घेतलं.

“‘गिल्टी प्लेझर’?”

“दार लावून केलेली मजा.”

“मंडळ पास करणार नाही.”

“का? मंडळाला दार नाही का?”

“दार आहे. मजा नाही.” तो गंभीरपणे म्हणाला. “बरं, ‘गिल्टी कॉन्शन्स’?”

“मन खातं.”

“पण ते क्रियापद झालं. मला विशेषण हवंय.”

“नाहीये आपल्याकडे. मन खातं, टोचणी लागते, ओशाळायला होतं... सगळं आपलं चालूच असतं. इंग्रजीत कसं, एक शब्द डकवला की माणूस मोकळा.”

तो तिच्याकडे बघत राहिला. कार्ड कोरंच राहिलं. एवढं होऊनही दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही — सुशिक्षित माणसांना या कामी वेळ लागतो.

दुसऱ्या आठवड्यात त्याचं बोलणं कमी झालं. कार्डं भरत, पण विनोद आटले. तिला वाटलं, शब्द संपत आला असणार. आणि शब्द संपला की हाही... तिने तो विचार अर्ध्यात सोडला. भाषांतरकाराला अर्धी वाक्यं आवडत नाहीत, पण याचा उत्तरार्ध तिला नको होता.

शुक्रवारी त्याने एक फाइल उघडी करून तिच्यासमोर सरकवली.

“हे... तुमचं आहे.”

लिफ्टवाल्या काकांचा जबाब होता. एका मोठ्या इमारतीतली लिफ्ट मजलाभर घसरली, आतल्या बाईंचा पाय मोडला, आणि खटला लिफ्टमनवर भरला गेला. डाव्या पानावर काकांचे शब्द होते: ‘बाईंचा पाय मोडला, मला फार अपराधी वाटतं.’ उजव्या पानावर तिचं इंग्रजी: ‘आय ॲम गिल्टी.’

‘वाटतं’ गळालं होतं.

तिने जबाबावरची तारीख पाहिली. त्या दिवशी चौदा जबाब होते, हा शेवटचा. काका सबंध वेळ उभेच होते. बसा म्हटलं तर म्हणाले, तीस वर्षं उभ्याने गेली, आता बसलो की पाठ दुखते. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं होतं, “बाई, नीट लिहिलंत ना?” आणि ती मान वर न करता म्हणाली होती, “हो काका.”

“निकाल सोमवारी आहे,” तो हळूच म्हणाला.

“तुम्ही हे कधी पाहिलंत?”

“बुधवारी.”

“परवा?”

“नाही... त्याच्या आधीच्या.”

“म्हणजे नऊ दिवस.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “नऊ दिवस तुम्ही या स्टुलावर बसून मला वाक्यात उपयोग करायला लावत होतात?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला परत इथे बसू दिलं नसतंत. रोज ठरवायचो — आज सांगू. मग तुम्ही काहीतरी बोलायचात, आणि...”

“आणि एक म्हातारा माणूस तुरुंगात जायचा. माझ्या हाताने, तुमच्या डोळ्यांदेखत.”

“हो,” तो म्हणाला. त्यापुढे त्याने सबब सांगितली नाही, हे तिला फार पुढे आठवलं. त्या वेळी तिने फक्त खोका उचलून त्याच्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं.

घरी ती दुधी चिरत बसली. वहिनीने दोन मिनिटं पाहिलं.

“वन्सं, त्या दुधीने काय केलंय तुमचं?”

तिने सगळं सांगितलं. म्हणजे लिफ्टचं सांगितलं, स्टुलाचं गाळलं. गाळण्याची सवय आता झालीच होती.

“मग सही होऊ दे ना आधी,” वहिनी म्हणाली. “एकदा कायम झालात की चूक तुमची राहतच नाही, खात्याची होते.”

“निकाल सोमवारी आहे, वहिनी. सही पुढच्या शुक्रवारी.”

“अगंबाई,” वहिनी म्हणाली, आणि उरलेला दुधी तिने स्वतःकडे ओढून घेतला. “मग आता?”

शनिवार-रविवार ती कुणाशी धड बोलली नाही. सोमवारी सकाळी मात्र तिने अर्ज लिहून साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी तो हातभर लांब धरून वाचला. मग जवळ धरून वाचला. कुठूनही तो बरा दिसेना.

“‘चूक’ कशाला लिहिलंत? ‘अनवधान’ लिहा. अनवधान कुणाचंही होतं.”

“अनवधान नव्हतं साहेब. घाई होती. घरी जायचं होतं मला.”

“बाई, तुमचा कागद इथे पडलाय माझ्याकडे. हा अर्ज पुढे गेला तर त्यावर सही करता येणार नाही मला.” साहेब माणूस वाईट नव्हता, त्यांनी आवाज खाली आणला. “असं होतं कधीकधी. अपराधी वाटतं माणसाला. जातं ते चार दिवसांनी.”

“मला अपराधी वाटत नाहीये, साहेब,” ती म्हणाली. “मी आहे.”

साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि अर्ज पुढे पाठवला.

न्यायालयाच्या दालनाबाहेर तो उभा होता. हातात सहा पानांचं टिपण: ‘असणे’ आणि ‘वाटणे’ यांतला भेद, उदाहरणांसह. शिपाई त्याला आत सोडत नव्हता. टिपण वाचायला मागितलं तेही शिपायानेच, आणि दुसऱ्या पानावर परत दिलं. ती त्याच्या शेजारून गेली. नजर वळवली नाही.

आत काका उभेच होते. न्यायाधीशांनी तिचा अर्ज घेतला, उलटून मागे काही आहे का ते पाहिलं, ‘नोंद घेतली’ असं लिहिलं आणि ‘बसा’ म्हणाले. बस्स. दुपारी निकाल लागला. लिफ्टचा दोर वाजतो, असं काकांनी इमारतीच्या वहीत तीनदा लिहून ठेवलं होतं. तिन्ही वेळा खाली मालकाची सही होती, दुरुस्ती नव्हती. काका सुटले. जाताना तिच्यापाशी थांबून त्यांनी हात जोडले आणि सवयीने विचारलं, “खाली जायचंय का बाई?”

तिला खालीच जायचं होतं. कायमचा कागद कोराच परत गेला आणि तिची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली, निकाल लागलेल्या फायली बांधून ठेवायला. हंगामी म्हणूनच.

तीन आठवड्यांनी तिथे दारावर टकटक झाली. तो आला होता. खोका नव्हता. चष्मा मात्र होता, आणि तो त्याचा स्वतःचा होता.

“शब्द संपला?” तिने मान वर न करता विचारलं.

“मी सोडला. ज्याने तो नऊ दिवस खिशात ठेवला त्याने त्याचा अर्थ काय सांगायचा? दुसऱ्याला दिला.”

ती दोऱ्याला गाठ मारत राहिली. गाठ बसेना. त्याने पुढे होऊन दोऱ्यावर बोट धरलं, तिने त्याच्या बोटावरून गाठ आवळली. तळघरात एकच दिवा होता, आणि तो दोघांच्या मधोमध लटकत होता.

“मी माफी मागायला नाही आलोय,” तो म्हणाला. “ती मागून काकांचे ते नऊ दिवस परत मिळणार नाहीत. मी त्यांच्याकडे जाऊन आलो. सांगितलं सगळं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, पोरगी आवडते तेव्हा माणसं बावळटच वागतात. आणि मग म्हणाले, पण मला झोप लागत नव्हती हो.”

त्याचं बोट अजून गाठीतच होतं.

“मला तुमच्याबद्दल...” तो म्हणाला. “म्हणजे मला काहीतरी... वाटतं.”

“वाटतं?”

तो चमकला. मग सरळ उभा राहिला.

“नाही. आहे. प्रेम आहे माझं तुमच्यावर.”

“मी अजून रागावलेली आहे,” ती म्हणाली. “वाटत नाहीये. आहे.”

“माहितीये.”

“खूप दिवस राहीन.”

“राहा.”

“आणि तरीही मी तीन आठवडे रोज अकरा वाजले की दाराकडे बघतेय.” तिने दोरा सैल केला, बोट सुटलं, पण त्याने मागे घेतलं नाही. “बस ना. उभा का आहेस?”

‘आहेस’ ऐकून त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा मागे पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. कुणी नव्हतं. तो फायलींच्या गठ्ठ्यावर बसला आणि तिने दिलेली टोकं धरत राहिला. संध्याकाळपर्यंत दोघांनी चाळीस फायली बांधल्या.

एकेचाळिसावी लिफ्टवाल्या काकांची होती. नियमाप्रमाणे तिने पानं मोजली. जबाबाच्या मागे रोजनाम्याचं एक पान होतं, न्यायाधीशांच्या अक्षरात: ‘मूळ जबाब वाचला. ही माझी मातृभाषा असल्याने भाषांतर पाहिले नाही.’ खाली तारीख होती. ती तिच्या अर्जाच्या वीस दिवस आधीची होती.