धर्मराजच्या सदऱ्याची बाही

देवानंद मिस्त्रीची बायको बेबीनंदा दर खेपेला डबा बांधता बांधता एकच वाक्य बोलायची. "घरात पंखा न्हाई, अन् गावोगाव पंखे उभे करीत फिरून राह्यले." डबा तिच्या हातात असायचा, त्यामुळे देवानंद उत्तर देत नसे.

पंखे म्हणजे वाऱ्यावर वीज करणारे पंखे. जुन्या जीपचा डायनॅमो, सागवानाची दोन पाती, पत्र्याचं शेपूट आणि हे सगळं उंच पाइपावर. वारा सुटला की पाती फिरायची, मोटारीची बॅटरी भरायची, त्यावर दोन बल्ब आणि एक रेडिओ चालायचा. विजेच्या तारा गावागावात पोचल्या होत्या, पण शेतातल्या वस्त्यांवर त्या कधी येतील हे सरकारलाही ठाऊक नव्हतं. अशा वस्त्यांवरून देवानंदला बोलावणं यायचं. जालन्याच्या वर्कशॉपातून सुट्टी काढायची, एसटीच्या टपावर सायकल टाकायची आणि निघायचं. पंचेचाळिशी ओलांडली होती. पाठ बोलायला लागली होती, गुडघे तर केव्हापासूनच बोलत होते.

पंखा उभा करणं सोपं असतं, कठीण असतं ते जागा निवडणं. लोकांना पंखा दारात हवा असतो, लिंबाच्या सावलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. वारं मात्र आपल्याच वाटेनं जातं. ती वाट शोधायची देवानंदची एक रीत होती. फौजेत असताना विमानाच्या मैदानावर त्यानं कापडाची एक लांब पिशवी वाऱ्यावर फुगलेली पाहिली होती. त्यावरून तो प्रत्येक घरात एक जुना सदरा मागायचा. कांजी गेलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. त्याच्या दोन्ही बाह्या उसवायच्या, खांद्याकडचं तोंड तारेच्या कड्यावर शिवायचं आणि बांबूला टांगायचं. वारं आत शिरलं की बाही फुगून आडवी होते. घरच्यांनी आठवडाभर लक्ष ठेवायचं, मग मिस्त्रीनं येऊन जागा पक्की करायची.

त्या वैशाखात तो पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे कारभारींच्या वस्तीवर गेला. कारभारी म्हणजे साठीतला सडसडीत म्हातारा, बोलायला कमी. बांधापर्यंत सामोरा आला आणि घर यायच्या आत एका दमात सगळं सांगून टाकलं, म्हणजे घरी गेल्यावर बोलावं लागू नये.

"मिस्त्री, मला दिव्याचं कौतिक न्हाई. आमची म्हातारी सांज झाली की गोठ्यामागं जाऊन बसती. बुजवलेल्या हिरीपाशी. अंधार पडला तरी उठत न्हाई. इंचू हाय, जनावर हाय. मागच्या थंडीत मरता मरता वाचली. घरात उजेड असला, रेडू बोलत असला, तर यील आत. एवढंच करा."

बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर खोदताना बाजू ढासळली होती आणि त्यांचा एकुलता मुलगा धर्मराज खाली राहिला होता. माणसं माती उपसून उपसून थकली, बाजू परत परत खाली येत राहिली. शेवटी जाणत्यांनी हात जोडले आणि विहीर बुजवून टाकली. एकटी तुळजाबाई तेव्हा म्हणत होती, "थांबू नका, दम चालू हाय त्याचा, मला ऐकू येतो." आईचं काळीज, म्हणून लोकांनी तिला धरून घरात नेलं.

हे देवानंदला कळेपर्यंत तुळजाबाई सदरा घेऊन आली होती. त्यानं उलटापालटा करून पाहिला. बटणं शाबूत, कॉलर नीट.

"मावशी, चांगला हाय की. का फाडता?"

"कोण घालणार?" ती म्हणाली. "खाली उतरताना बांबूला टांगून गेल्ता. मळू नये म्हून."

देवानंदला वाटलं, नको म्हणावं. पण ऊन डोक्यावर होतं आणि परतीची गाडी गाठायची होती. त्यानं बाह्या उसवल्या. एक टेकाडावर लावली, कारण जागा तीच होती. त्यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं. दुसरी तुळजाबाईनं लावायला लावली. "तिकडं पण लाव," म्हणाली. तिकडं म्हणजे गोठ्यामागच्या खळग्यात. म्हातारीचं मन राखायला त्यानं लावली. निघताना चहा मिळाला, गोठ्याच्या कट्ट्यावर, वेगळ्या कपातून. देवानंदनं तो प्याला, कप धुऊन पालथा घातला आणि सायकलवर टांग टाकली. अशा कपांची त्याला सवय होती. सवय म्हणजे राग नसतो असं नाही.

आठवड्यानं तो परत आला तेव्हा टेकाडावर असा वारा होता की डोक्यावरची टोपी हातानं धरावी लागली. आणि बाही मात्र बांबूला चिकटून सरळ खाली लोंबत होती. त्यानं कडं तपासलं, शिवण तपासली, बाहीत हात घालून पाहिला. सगळं ठीक होतं. खाली खळग्यात दुसरी बाही टम्म फुगून आडवी उभी होती आणि तिचं मनगट घराकडे होतं.

"म्या सांगितलं व्हतं," तुळजाबाई म्हणाली.

"मावशी, तिथं तिन्ही बाजूंनी उंचवटा. चौथ्या अंगाला गोठा. वारं येणार कुठून?"

तो खळग्यात उतरला आणि काडी पेटवली. ज्योत सरळ उभी राहिली, देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखी. तिच्या वर हातभर अंतरावर बाही भरलेली होती. खांद्यापाशी रुंद, कोपरापाशी किंचित वाकलेली. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्याला भान आलं.

त्या दिवशी त्यानं आपल्या रीतीनंच पंखा टेकाडावर उभा केला. ताणाच्या तारा ओढल्या, पाती सोडली. वारा तोंडावर आपटत होता, डोळ्यात माती जात होती, आणि पाती ढिम्म. हातानं फिरवली की लोण्यासारखी फिरायची, सोडली की थांबायची. कारभारी दुसरीकडं बघत उभे राहिले, जसं पाहुण्याच्या हातून काही सांडलं की आपण बघतो.

देवानंद थकला होता. भीतीबिती काही नव्हती तेव्हा. उन्हानं थकला होता आणि आपल्या म्हणण्यावर अडून बसायला अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता. त्यानं पाइप काढला आणि खळग्यात, बुजवलेल्या विहिरीच्या काठाला नेऊन रोवला. शेवटचा बोल्ट आवळायच्या आधीच पाती सुरू झाली. शेपूट घराकडे वळलं. म्हणजे वारं विहिरीकडून येत होतं. अँपियरचा काटा उठला. बॅटरी भरायला लागली.

विजेचा दिवा घरात लावायचा तर मिस्त्रीला घरात घ्यावंच लागतं, एवढं तरी वाऱ्यानं केलं. बॅटरी भरेपर्यंत वस्तीवरच मुक्काम झाला. दुसऱ्या सांजेला बल्ब लागला. तुळजाबाई खळग्याकडे निघाली होती, ती उंबऱ्यात थांबली, मागं वळली आणि चुलीपाशी येऊन बसली. कारभारी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसत राहिले, बराच वेळ.

परतताना एसटीत शेजारी एक म्हातारा झोपला होता. देवानंदच्या कानात अजून पंख्याचा आवाज होता. जरा जोरात फिरायचा, मंद व्हायचा, परत जोरात. वाऱ्याला झोत असतात, त्यात नवल काही नाही, असं तो मनाशी म्हणाला. मग त्याचं लक्ष शेजाऱ्याच्या छातीकडे गेलं. वर, खाली, वर. तो उठला आणि गाडी जालन्यात शिरेपर्यंत दांडी धरून उभा राहिला.

पुढच्याच महिन्यात भोकरदनच्या कंडक्टरनं कारभारींचा निरोप आणला. पंखा बंद करायला या.

"लावायला एक खेप अन् काढायला एक," बेबीनंदा म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट हाय, मळवून आणू नका. सांजंला घरी या."

"येतो."

वस्तीवर पोचायला दिवस कलला. झाडाचं पान हलत नव्हतं. तुळजाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती, अंगावर जरा मूठभर मांस चढलं होतं. तिनं त्याला आत बोलावलं, घरातल्याच कपात चहा दिला. डोक्यावरचा बल्ब हळूच उजळत होता, हळूच मिटत होता.

बॅटरीवरचा दिवा असा करत नाही. वारं कमीजास्त झालं तरी बॅटरी दिव्याला त्याचा पत्ता लागू देत नाही. देवानंदनं पंख्याकडून आलेली तार बॅटरीवरून काढून टाकली.

बल्ब तसाच उजळत राहिला. तसाच मिटत राहिला.

"कनेक्शन ढिलं असंल," तो म्हणाला.

"ढिलं न्हाई, मिस्त्री. दम घेतो," तुळजाबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी तिनं निवांत उलटली. "आता मला तिकडं जावं लागत न्हाई. हितंच कळतं."

"कारभारीदादा कुठं हायेत?"

"ते असतात आता तिकडं. निरोप धाडला तुला, अन् मग त्यांनाबी दम ऐकू यायला लागला. म्या आले घरात, ते गेले भाईर." ती हसली. "माझी बारी संपली."

गोठ्यामागून फावड्याचा आवाज येत होता.

कारभारी बुजवलेली विहीर उकरत गळ्याएवढ्या खड्ड्यात उतरले होते. भोवती ओल्या मातीचे ढीग. वर पंखा फिरत होता, पण आता मंद नाही. तोकडा, घाईघाईचा. धाप लागल्यासारखा.

"दादा, वर या. बाजू फुटली हाय."

"ऐकून राह्यला ना तू?" कारभारींनी मान वर केली नाही. "बराबर ऐक. तू तर मिशिनीचा माणूस. हे वारं हाय का?"

देवानंदनं काठाशी वाकून हात पुढं केला.

डाव्या बाजूनं मुठीएवढं ढेकूळ सुटलं आणि कारभारींच्या पाठीवर फुटलं. त्यांना ते कळलंही नाही.

"दादा, जल्दी वर या. हात द्या मला."

"थोडंच राह्यलं. जवळ आला हाय. मावळतीच्या आत निघतो."

म्हाताऱ्याला काखेत धरून उचलावं लागणार होतं. देवानंदनं शर्टाची बटणं सोडली. इस्त्रीचा होता. हाताशी बाहीचा बांबू होता, त्याला टांगला, मळू नये म्हणून.

मग तो खाली उतरला. माती पायाला गार लागली. त्यानं कारभारींचा दंड धरला, आणि त्याच क्षणी वरचा पंखा थांबला.

आवाज नव्हता. कुठलाच नव्हता.

देवानंदनं वर पाहिलं. धर्मराजची बाही बांबूला चिकटून रिकामी लोंबत होती, जुन्या चिंधीसारखी. पलीकडे, गोठ्याच्या आडून दिसणारा घराच्या खिडकीतला उजेड पहिल्यांदाच स्थिर होता. हलत नव्हता, मिटत नव्हता.

घरातून तुळजाबाईचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होती.

"किती उशीर केलास. हात धू. वाढते."

कारभारींच्या हातातून फावडं गळून पडलं.

वर, झाडाचं पान हलत नव्हतं. आणि बेबीनंदानं इस्त्री केलेल्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून हळूहळू भरत मनगटापर्यंत आली.