हातगुण

धाकटीला आमच्या प्रयोगशाळेत मीच चिकटवलं. सरांकडे शब्द टाकला आणि महिन्याभरात सर मलाच म्हणाले, "बहिणीचा हातगुण बघा जरा."

प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण काही जागी असतात, काही झोपलेली. झोपलेलं जनुक कशानं जागं होतं, ते आम्ही शोधत होतो. त्याला एक खूण जोडली होती. ते जागं झालं की पेशी हिरवी चमकायची. दोन वर्षं पेशी वाढवायच्या माझ्या बशांत नुसता काळोख होता. तिच्या बशा पहिल्याच आठवड्यात उजळल्या.

घरी आईही तिचंच कौतुक करायची. मी मान डोलवत घास गिळायचे.

एकदा मी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत माझी बशी बघत होते. धाकटी मागे येऊन उभी राहिली आणि काळोखात हिरवे ठिपके उमटले. ती गेली, ठिपके विझले. तिनं कशालाच हात लावला नव्हता. पेशी मी वाढवलेल्या, आणि ओळखायच्या तिला! मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर तेही तिच्याच नावावर गेलं असतं.

मग सरांच्या गळी उतरवून तिला दूरच्या प्रशिक्षणाला धाडलं. सगळ्या बशा काळ्या पडल्या. मला शांत झोप लागू लागली.

ती परतली ती दुपारी, थेट सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत. उजेड आत येऊ नये म्हणून मी कडी लावली. ती शेजारी बसली. मी भिंगातून पाहिलं. काळोख. बशी सरकवून पुन्हा पाहिलं.

"काही दिसतंय?"

"नाही गं."

"राहू दे मग."

कित्येक महिन्यांनी मला तिच्याबद्दल माया वाटली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात एक हिरवा ठिपका उमटला. मग दुसरा. बघता बघता सगळी बशी उजळली.

दारावर थाप पडली.

"ताई, आलेय मी. उघड ना, बॅग जड आहे गं."

आवाज धाकटीचाच. जिने चढून आल्यासारखा, धापा टाकत.

माझ्या शेजारी बसलेली दाराकडे वळली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मी उठले नाही.

थापा थांबल्या. पावलं लांब गेली. ठिपके एकेक करून विझले.

"चल, निघू या," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतं आपलं?"