एक ठोका म्हणजे दाबलाय

सरका जवळ. आणि तो दारातला, तूही आत ये. गोष्ट संपल्यावर तुझी उंबरा ओलांडायची छाती व्हायची नाही, मग माझ्या अंथरुणात जागा मागशील आणि रात्रभर लाथा झाडशील. ज्यांना मध्येच बाहेर जाऊन यायचं असेल त्यांनी आत्ताच या. नंतर सोबत मिळणार नाही. झालं? बरं.

ओळखीतल्या एका शिंप्याची गोष्ट आहे. खोटी वाटली तर त्यालाच विचारा. तो सांगणार नाही, पण विचारल्यावर त्याचं तोंड बघा.

गेल्या थंडीतला गुरुवार. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून शिंपी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. ब्रेक ऑइलची बाटली घेतली, मागच्या चाकांच्या ब्रेकमध्ये बसतात ते रबरी कप घेतले, आणि ब्रेकच्या पेडलवर चढवायचं नवं कोरं रबर घेतलं. चांगलं खाचाखाचांचं, नख फिरवलं तर करकर वाजेल असं.

"काम कोण करणार?" दुकानदाराने विचारलं.

"मीच."

"मग बाटल्या दोन न्या."

शिंप्याने एकच नेली. हा माणूस असाच. गाडी सासऱ्यांची, दुरुस्ती जावयाची, आणि हसायचं सगळ्या गल्लीने. गाडी इतकी पळलेली की तीन लाखांवर गेल्यावर मीटरनेच हात टेकले. गाडी चालत राहिली, त्याने मोजायचं सोडून दिलं. सायलेन्सर तारेने बांधलेला. दाराचं आतलं अस्तर फाटलं तेव्हा शिंप्याने तिथे एका गिऱ्हाइकाच्या पँटचं उरलेलं कापड शिवलं. पुढे तेच गिऱ्हाईक एकदा गाडीत बसलं, आणि वाटभर एकदा दाराकडे, एकदा स्वतःच्या मांडीकडे बघत राहिलं. हसा, हसा. पुढे हसायला फारसं मिळायचं नाही.

सासऱ्यांना सगळे मोठे मास्तर म्हणायचे. शिंपी कात्री धरायला शिकला तो त्यांच्याच दुकानात, आणि बायकोही त्याला तिथूनच मिळाली. म्हातारा शिलाई मशीन अनवाणी चालवायचा आणि गाडीही अनवाणीच. "चपलेतून पायाला काही कळत नाही," म्हणायचा. उजव्या पायाचा अंगठा कधीकाळी मशीनच्या पेडलखाली सापडलेला, तो बाहेरच्या बाजूला वाकडा झाला तो झालाच.

तर हे मोठे मास्तर त्याआधीच्या उन्हाळ्यात गेले. पाण्याच्या टाकीवरून खाली येणाऱ्या उतारावर गाडी थांबली नाही, भिंतीवर गेली. गाडीचा नुसता बंपर वाकला. स्टीअरिंग म्हाताऱ्याच्या छातीत बसलं.

शिंप्याने सगळ्यांना सांगितलं, की वय झालं होतं, पेडलचं रबर गुळगुळीत झालं होतं, पाय घसरला, ब्रेक दाबलाच गेला नाही. पोलिसांनी तसं लिहून घेतलं. बायको रडली आणि तीही तेच धरून चालली. आणि शिंपी गप्प बसला, कारण त्याच आठवड्यात ब्रेक त्याने स्वतः उघडून बसवले होते. आतले रबरी कप झिजले होते. नवे आणायचे तर दुकान लांब, ऊन रणरणतं, आणि जुने तसे बरे दिसत होते. त्याने ते साबणाने धुतले आणि परत बसवले.

हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान त्याचा समज तसा होता.

त्या गुरुवारी दुपारी त्याचा मेहुणा आला. मोठ्या मास्तरांचा एकुलता एक मुलगा, बसवर कंडक्टर. दोघांचं कधीच पटलं नाही. आल्या आल्या, बूटही न काढता, तो म्हणाला, "दाजी, सकाळी आईला माझ्याकडे नेतोय. आबांची गाडीपण नेतो. टाकीचा उतार उतरण्याआधी एखाद्या मेकॅनिकला ब्रेक दाखवतो."

चाक उघडल्यावर कुठलाही मेकॅनिक पहिलं हेच विचारणार होता, की हे काम केलं कोणी.

"मेकॅनिक लुटतात रे," शिंपी म्हणाला. "रात्रीतून मी करून देतो."

रात्री साडेदहाला काम सुरू झालं. घरामागचं अंगण. गाडीचं तोंड फाटकाकडे, पाठ भिंतीकडे. मागचं चाक काढलेलं, गाडी तेलाच्या जुन्या जॅकवर, आणि शिंपी पोतं अंथरून तिच्या पोटाखाली. खाली विटा रचाव्यात, एवढंही त्याने केलं नाही. नवे कप बसवून झाले, पेडलवर नवं रबर चढलं. राहिली ती नळीतली हवा काढायची.

हे काम एकट्याचं नाही, बरं का. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकापाशी बारीक नट सैल करायचा. बुडबुडे आणि तेल बाहेर येतं. नट घट्ट केला की वरच्याने पाय उचलायचा. पुन्हा दाबायचा. तेल बिनबुडबुड्यांचं येईपर्यंत हेच.

अंगणावर सासूबाईंची खिडकी होती, म्हातारी झोपलेली. म्हणून कंडक्टर म्हणाला, "ओरडायचं नाही. मी दाराच्या पत्र्यावर ठोकतो. एक ठोका म्हणजे दाबलाय. दोन म्हणजे सोडलाय." बसमधली सवय, जाते कुठे.

ठक.

ब्रेक दाबला की मागचे दिवे लागायचे आणि भिंत लाल व्हायची.

ठक ठक. भिंत काळी.

"दाजी, एक विचारू?"

"दाब."

ठक.

"आबांचा जन्म गेला पेडलवर. त्यांचा पाय घसरतो कसा?"

"सोड."

ठक ठक.

"सांगा की."

"आता मेलेल्या माणसाच्या पायाचा पंचनामा मी करू? दाब तू."

कंडक्टरने दाबला नाही. खाली उतरला, बॉनेटखाली वाकला. "तेलाच्या डबीत थेंब राहिला नाही. बाटलीपण संपली. मी पंपावरून दुसरी घेऊन येतो. तोवर कशाला हात लावू नका, नाहीतर पुन्हा हवा भरेल."

त्याचे बूट फाटकाबाहेर वाजत गेले. मग वाजायचे थांबले.

शिंपी पडून राहिला. मनातल्या मनात मेहुण्याला शिव्या देत होता, त्यामुळे वेळ बरा चालला होता.

मग वर सीटची स्प्रिंग कुरकुरली.

आला वाटतं. बुटांचा आवाज कसा नाही आला... असेल. दारही वाजलं नाही. असेल, उघडंच होतं.

"मिळाली का बाटली?"

उत्तर नाही. रुसलाय. रुसू दे.

ठक.

भिंत लाल झाली. शिंप्याने नट सैल केला. तेल आलं. नुसते बुडबुडे. नट घट्ट केला. "सोड."

ठक ठक.

ठक.

पुन्हा बुडबुडे. पुन्हा. पुन्हा. तेल येतच होतं, कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि एकही थेंब स्वच्छ नव्हता.

"अरे, डबीत नीट ओतलंस ना?"

ठक.

"थांब. मी सांगितल्याशिवाय दाबू नको."

ठक.

लाल. काळी. लाल. काळी. आता पेडल थांबेना. एका तालात खाली-वर, खाली-वर. आधी टाच, मग चवडा. टाच, चवडा...

शिंप्याचा हात नटावरच राहिला.

हा ताल त्याच्या ओळखीचा होता. मशीनशेजारी जमिनीवर बसून काज-बटणं करताना वर्षानुवर्षं त्याने तो कानाशी ऐकला होता. असा पाय एकाच माणसाचा होता.

फाटक वाजलं. बूट आले.

"दाजी, पंप बंद होता," कंडक्टर अंगणातून म्हणाला. "पार चौकापर्यंत जावं लागलं..."

बूट थांबले.

भिंत लाल होती.

"दाजी." त्याचा आवाज उतरला. "गाडीत कोण बसलंय?"

ठक.

आणि जॅक खाली आला. बोटभर. तेलाचा जुना जॅक, गळका, येतो कधीकधी. हे तुम्ही म्हणा. शिंप्याला म्हणायला सवड नव्हती.

ठक.

आणखी बोटभर. गाडीचं पोट त्याच्या शर्टाच्या बटणांना लागलं.

"मला ओढ," शिंपी कसाबसा म्हणाला. "ओढ मला."

बूट जवळ आले. त्याच्या पायांशी उभे राहिले. ओढलं मात्र नाही.

ठक.

छातीवर लोखंड टेकलं. बरोबर मध्यभागी. म्हाताऱ्याला जिथे...

"एक ठोका," कंडक्टर हळूच म्हणाला. "एक ठोका म्हणजे काय, दाजी?"

"ओढ रे..."

"म्हणजे काय?"

ठक.

श्वास आत जाईना. शिंप्याला कळलं, वरून काय सांगणं चाललंय. सगळी रात्र तेच एक सांगणं चाललं होतं.

"दाबलाय," तो म्हणाला.

बूट हलले नाहीत.

"दाबला होता. त्यांनी... ब्रेक दाबला होता. लागला नाही. कप जुने होते. धुऊन... मीच बसवले."

भिंत लाल...

ठक ठक.

भिंत काळी झाली. जॅक होता तिथे थांबला.

मग कंडक्टरने त्याचे दोन्ही पाय धरले आणि पोत्यासकट ओढून बाहेर काढलं. पाठ सोलून निघाली, तरी हिसका कमी केला नाही. शिंपी वर बघतो तर सासूबाईंची खिडकी उघडी. त्या गजांना धरून उभ्या होत्या. कधीपासून, ते विचारायची त्याला आजवर हिंमत झालेली नाही.

गाडीचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं.

सकाळी मायलेक पहिल्या बसने गेले. बायकोही गेली, "चार दिवसांत येते" म्हणून. थंडी संपली, उन्हाळा आला, ती आली नाही. शिंपी एकटाच शिवतो. गाडी अंगणात आहे, तीन चाकांवर आणि एका गळक्या जॅकवर. तो तिला हात लावत नाही.

झाली गोष्ट. उठा आता, घरी जा... बसा, बसा. रबराचं राहिलंच की.

जाण्याआधी सासूबाई गाडीपाशी गेल्या. वाकून पेडलकडे बघितलं. आदल्या रात्रीच चढवलेलं नवं रबर, खाचाखाचांचं, आणि त्यावर रात्री पाय पडला तो कंडक्टरच्या बुटाचा. ते झिजून आरशासारखं झालं होतं. एकही खाच नाही. वरच्या टोकाला एक खळगा पडला होता.

म्हातारीने त्यात बोट ठेवलं.

खळगा बाहेरच्या बाजूला वाकडा होता.