निळ्या नळीतून आलेली ओ

ही काही सांगोवांगीची गोष्ट नाही. मेघनामावशी माझी सख्खी मावशी, आणि हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी मात्र तेव्हापासून बंद नळीच्या घसरगुंडीकडे फिरकत नाही.

तारीख मावशीला तोंडपाठ आहे. १७ मे १९९८, रविवार.

वेळ दुपारी तीनची. अमावस्या नाही, काळोख नाही. डोक्यावर रणरणतं ऊन आणि आजूबाजूला शे-दोनशे माणसं.

जागा म्हणाल तर इंदापूरच्या अलीकडे नव्यानेच निघालेलं एक वॉटर पार्क. नाव मुद्दाम सांगत नाही. आता ते राहिलेलंही नाही.

मावशी पिंपळीच्या शाळेत शिक्षिका. तिचे यजमान साहेबरावकाका एस.टी.त नोकरीला. त्यांना दोन मुलं झाली. थोरला सुमित सांगवीला आजीपाशी, म्हणजे रंगुबाईपाशी वाढला, कारण तेव्हा मावशीची नेमणूक लांबच्या शाळेत होती. १९९१ साली, सहा वर्षांचा असताना तो कालव्यात गेला. शेवटची हाक मारायलाही मावशी तिथं नव्हती. ही सल तिच्या मनातून कधी गेली नाही.

तिचं घर बुद्धवंदना म्हणणारं. उतारे, लिंबू, नारळ यांना तिथं थारा नाही. पण रंगुबाईचं एक मागणं सगळ्यांनी मुकाट्याने पाळलं होतं.

"पाण्यात गेलेल्याचं नाव पाण्यापाशी घिऊ नका. ते हाकेचीच वाट बघत आसतंय."

सात वर्षांत घरातलं कुणी आड, नदी, कालव्याजवळ सुमितचं नाव घेतलं नव्हतं.

धाकटा सुयश नंतरचा. बारामतीत वाढलेला, "मम्मी" म्हणणारा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशीने या पोराला बादलीपलीकडे पाणी दाखवलं नव्हतं. पण वर्गातला एक मुलगा वॉटर पार्कला जाऊन आला, आणि सुयशने महिनाभर घर डोक्यावर घेतलं. शेवटी मावशी हो म्हणाली. त्याच महिन्यात सुयशला सहा पूर्ण झाली होती.

"मी त्याच्यावरची नजर काढणार नाही," एवढंच ती काकांना म्हणाली.

तिथं तीन मजले उंचीची एक निळी घसरगुंडी होती. बंद नळीची. दोन वळणं घेऊन खालच्या उथळ हौदात उतरणारी. वरचा माणूस पोराला सोडून एक शिट्टी मारायचा. पोर खाली आलं की हौदाशी उभा असलेला महिपती उलट शिट्टी मारायचा. मगच पुढचं पोर. वरून एक, खालून एक.

मावशी काठावर उभी राहून मनात आकडे मोजत होती. मास्तरणीची सवय. कुठल्याच पोराला बारा आकड्यांच्या वर लागत नव्हते.

काका सुयशला घेऊन जिना चढले. सुयशने वरून हात हलवला.

शिट्टी वाजली.

मावशीने मोजायला सुरुवात केली. आठ... नऊ... दहा...

बारा झाले.

कुणीच आलं नाही.

वीस झाले.

आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. कर्ण्यावरचं गाणं मध्येच तुटलं. पंप थांबला. नळीतून येणारं पाणी बारीक होत होत बंद पडलं.

"पाणी न्हाय म्हणून आडकलं आसंल," महिपती म्हणाला. "घाबरू नका, ताई."

तीस. चाळीस.

मावशी साडीनिशी हौदात उतरली. तिने नळीत डोकं घातलं. आत अंधार आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. सात वर्षं गळ्यात अडकलेली हाक तिने जिवाच्या आकांताने मारली...

"सुमित!"

आपण काय बोललो ते तिला कळलंही नाही.

आतून लगेच उत्तर आलं...

"ओ, आये."

कोरड्या नळीतून पोर घसरत आलं आणि तिच्या मिठीत पडलं. अंग गारठलेलं, केसांतून पाणी निथळत होतं. तिने त्याचे पटापट मुके घेतले. पोर सुखरूप होतं, तिला बाकी काही नको होतं.

महिपतीच्या ओठांत शिट्टी तशीच होती. त्याने ती वाजवली नाही.

"ताई, पोराचं नाव सुमित का?"

"नाही. सुयश."

आत्ता कुठे तिला आपली हाक ऐकू आली होती.

महिपती नळीकडेच बघत होता. "मग आत दुसरं कोण हाय? घासल्याचा आवाज दोघांचा आला. एक खाली आलं. आन् एक... वर सरकत गेलं."

तेवढ्यात काका धावत खाली आले. "मी एकट्यालाच सोडला. वर तर कुणी आलं नाही!"

लाईट आली. पंप सुरू झाला. नळीतून धो धो पाणी आलं, पण पाण्याबरोबर दुसरं काहीच आलं नाही. मॅनेजर ओरडला तेव्हा कुठे महिपतीने शिट्टी वाजवली.

संध्याकाळच्या एस.टी.त सुयश मावशीला टेकून बसला. तिने त्याच्या केसांवर गाल टेकला. पार्कच्या पाण्याला औषधाचा उग्र वास होता. केसांना मात्र वास येत होता... गाळाचा.

मग त्याने झोपेतच तिचा पदर ओढला आणि टोक बोटाला गुंडाळलं.

सुयशला ही सवय नव्हती. सुमितला होती.

बारामतीच्या अलीकडे कालव्याचा पूल लागतो. तोच कालवा. गाडी पुलावर आली तसं पोराने डोळे न उघडता दोन बोटांनी नाक धरलं. पूल संपला, आणि त्याने नाक सोडलं.

मावशी त्या रात्री जेवली नाही.

पुढचे दोन-तीन महिने तिने पोराला चोरासारखं निरखलं. पाढे विचारले, आले. मित्रांची नावं विचारली, आली. शाळेची वाट, दप्तरातली खूण, सगळं बरोबर. पण सुयश झोपेत दात खायचा, ते थांबलं होतं. आणि "मम्मी" ही हाक घरातून नाहीशी झाली होती.

"पोरगं भ्यालंय," काका म्हणायचे. "आजीकडनं ऐकून ऐकून आये म्हणतंय. तू नको ते डोक्यात घेऊ नकोस."

मावशी गप्प बसायची. कारण खरं सांगायचं तर पोराने "आये" म्हटलं की तिला आनंद व्हायचा. गेलेलं लेकरू परत आल्याचा आनंद. आणि त्या आनंदाचीच तिला शरम वाटायची. हा जर सुमित असेल, तर माझा सुयश कुठे आहे?

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, तिने पोराला घेतलं आणि इंदापूरची एस.टी. धरली. काकांना सांगितलं नाही.

पावसाळ्यामुळे पार्क बंद होतं. फाटकाशी महिपतीच राखणीला होता. त्याने काही न विचारता कुलूप काढलं.

"मला ठावं होतं तुमी येणार," तो म्हणाला. "पंप बंद, चिटपाखरू न्हाय. तरी दुपार झाली की नळीत कायतरी घासतंय. मी तिकडं जात न्हाय."

हौद कोरडा पडला होता. तळाला पाचोळा साचला होता. मावशी नळीच्या तोंडाशी वाकली. पोर तिच्या मागे उभं होतं.

"सुयश..."

काहीच नाही.

"सुयश! बाळा!"

बराच वेळ गेला. मग वरच्या वळणावर काहीतरी घासलं. आणि खूप लांबून...

"मम्मी?"

मावशीला रडू फुटलं. ती पुन्हा हाक मारणार, एवढ्यात तिचा पदर ओढला गेला. पोराने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. बोट पांढरं पडलं होतं.

"आये, त्याला नको बोलवू."

"का रे?"

"त्यो आला की मला जावं लागंल. तितं लई गार हाय, आये."

नळीतलं घासणं एक वळण खाली आलं.

"मम्मी, तू आहेस ना तिथं?"

मावशीचं तोंड उघडं होतं. फक्त एक हाक. तिला दोघंही हवे होते. पण एक लेकरू हाक न मारल्यामुळे गेलं होतं, आणि तेच आता तिचा पदर धरून थरथरत होतं.



तिने पोराचा हात धरला. आणि मागे वळली.

फाटकापर्यंत आवाज येत होता. महिपतीने कुलूप लावलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

दोन-तीन वर्षांत पार्क बंद पडलं. त्या निळ्या नळीचं काय झालं, कुणी विकली, कुठे नेली, ते मावशीने पुष्कळ विचारलं. कुणाला माहीत नाही.

सुयश आता लोणी देवकरला एका कंपनीत आहे. कागदोपत्री सुयशच. लग्न झालं, लेक आहे. आईवर जीव टाकणारा मुलगा. आजही तिला "आये"च म्हणतो. काका शेवटपर्यंत हे मनाचे खेळ म्हणत राहिले, आणि असतीलही.

मी मात्र एक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गेल्या उन्हाळ्यात मावशीबरोबर बारामतीच्या बाजारात होतो. गर्दीत कुठलंसं लहान पोर ओरडलं, "मम्मी!"

मावशी जागच्या जागी थांबली. डोळे मिटले, ओठ दाताखाली घट्ट धरले. मी म्हणालो, "मावशी, दुसऱ्या कुणाचं तरी पोर आहे. आईला शोधतंय."

"असेल," ती म्हणाली. "पण मी ओ देत नाही."