दोनदा उलटलेला खेकडा

‘पुढे’ म्हटलं, की खेकडा जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा.

“नाव खेकडा ठेवलं, मग सरळ कसा चालेल?” जुनैद म्हणाला.

शर्वीला हसू आलं नाही. दुपारी ओहोटी लागणार होती. तेव्हा खाडीच्या चिखलात उतरून खेकड्याने कांदळवनाची रोपं लावली नाहीत, तर ते काम तालुक्याहून येणाऱ्या तयार यंत्राला मिळणार होतं. आणि हा चाकांचा यंत्र-खेकडा तर नववीतल्या या दोघांनी शाळेच्या कार्यशाळेत स्वतःच्या हातांनी जोडला होता!

डावं चाक उलटं फिरतंय, हे दोघांनाही दिसलं होतं. शर्वीने गुपचूप डाव्या मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली. वीज उलट दिशेने वाहिली, की अशी मोटर उलटी फिरते. पण खेकडा पुन्हा गरगर! तिने तारा होत्या तशा लावल्या. तरीही गरगर!

“मोटरच बिघडलीय,” जुनैद वैतागला. “तुझ्या हातात काही टिकतं का, शर्वे?”

“आणि तुझी आज्ञावली (यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी) अगदी धुतल्या तांदळासारखी, नाही का?”

कोपऱ्यातून तात्या घरंगळत आला. तात्या म्हणजे कार्यशाळेतला जुना यंत्रमानव. उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं, असंच त्याला घडवलं होतं. म्हणून तर पोरांनी सतत चौकशा करणाऱ्या म्हाताऱ्यासारखं त्याचं नाव तात्या ठेवलं.

“सकाळपासून कोणी काय काय बदललं रे?”

शर्वी पुटपुटली, “तारा. पण परत लावल्या.”

जुनैदने मान खाली घातली. “मीपण... आज्ञावलीत डाव्या चाकापुढचं अधिक चिन्ह उणे केलं. जमलं नाही, म्हणून परत अधिक.”

“कधी?”

“ही तारांशी खुडबुडत होती तेव्हा. दोन्ही वेळा.”

तात्याने आपला तळवा पुढे केला. “शर्वी, उलटा करतेस?” तिने केला. “आता जुनैद, तू उलटा करतोस?”

तळवा होता तसा वर आला.

“अरे!” शर्वीने कपाळावर हात मारला. “उणे गुणिले उणे अधिक! दोघांनी एकदम उलटवलं, म्हणून काहीच उलटलं नाही!”

“म्हणजे तू बरोबर होतीस,” जुनैद म्हणाला.

“तूही.”

“पण मग बरोबर असूनही का अडलात?” तात्याने विचारलं.

“एकमेकांना सांगितलं नाही म्हणून,” शर्वी म्हणाली. “आता एका वेळी एकच बदल, तोही ओरडून. मी तारा बदलतेय!”

“माझे हात वर!” जुनैदने खरंच दोन्ही हात वर केले.

खेकडा सुतासारखा सरळ गेला.

दुपारी ओहोटीच्या चिखलात तो एकेक रोप रोवत निघाला आणि मध्येच थबकला. काठावरून सरपंचकाका ओरडले, “बिघडला का गं?”

शर्वीने जुनैदकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात आधीच वर होते.

“बिघडू दे, काका,” बाह्या वर सारत ती ऐटीत म्हणाली, “आम्हाला बिघाड शोधता येतो!”