बघा हं जरा याच्याकडे

आता ही सवय वाईट म्हणावी, तर ती कुठल्या घरात नसते? भरल्या घरातली बाई कामाला बसताना मान वर न करता नुसता आवाज टाकते, "बघा हं जरा याच्याकडे!" आणि आतून कुणीतरी "हो" म्हणतं. कोण म्हणालं हेही बघावं लागत नाही. सासू असेल, जाऊ असेल, नाहीतर चुलतसासरे पेपरातून डोकं काढून बसतील. पोर सगळ्यांचं असतं आणि कुणा एकाच्या गळ्यात पडत नाही.

धाकटीच्या अंगवळणी हे असं पडलेलं. घरातली धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणायचे. नवऱ्याची बदली झाली आणि बारा माणसांच्या घरातून ती, नवरा आणि एक वर्षाचा गुंड्या अशी अडीच माणसं या नव्या शहरात, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडली. शेजारी कुलूप, समोर कुलूप. नवरा सकाळी आठला जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. धाकटी घरी बसून डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायची. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की डॉक्टर बोलणार, सोडलं की गप्प. नवरा म्हणायचा, "पायाच्या इशाऱ्यावर डॉक्टरांना गप्प बसवणारी जगात तू एकटीच असशील."

पहिल्याच सोमवारी दुपारी तिनं गुंड्याला आतल्या खोलीत चटईवर खेळणी देऊन बसवलं, बाहेर टेबलाशी आली, हेडफोन चढवले आणि तोंडातून निघून गेलं, "बघा हं जरा याच्याकडे!"

मग स्वतःलाच हसली. "बघा म्हणे! कोण बघणार आहे, भिंती?"

पण नवल असं, की एरवी पाच मिनिटं दम न धरणारं पोर त्या दुपारी दोन तास हूं की चूं न करता खेळलं. तिचे चार रिपोर्ट हातावेगळे झाले. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम म्हटलं, आपली एक गंमत. तिसऱ्या दिवसापासून मात्र ते म्हटल्याशिवाय तिला कामाला बसवेना.

गुरुवारी चार वाजता ती आत गेली, तर गुंड्याचा भांग उजवीकडे होता. ती रोज डावीकडे पाडायची. आणि हा केस ओले करून, चापूनचोपून पाडलेला, एकही केस इकडचा तिकडे नाही. कंगवा तर बाहेर, तिच्या टेबलावरच पडलेला.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "सकाळी याचा भांग तू पाडलास?"

"मी? माझा पाडायलाच केस उरले नाहीत, त्याचा कुठून पाडू?"

ती हसली खरी. पण शुक्रवारी ती दर दहा मिनिटांनी उठून डोकावत राहिली. प्रत्येक वेळी गुंड्या आपला शहाण्यासारखा बसलेला. तिनं स्वतःला दटावलं. एकटं राहायची सवय नाही, म्हणून हे नसते खेळ सुचतात, दुसरं काय!

पुढच्या सोमवारी तिनं एक कान उघडा ठेवला. कानात एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे चाललेला. आणि आतून गुंड्याचं खिदळणं आलं. मग शांतता. मग पुन्हा खिदळणं. तोंड लपवून "भ्वॉक" करणाऱ्या माणसापुढे पोरं हसतात ना, तसं. थांबून... वाट बघून...

तिनं पेडल सोडलं आणि पाय न वाजवता दारापर्यंत गेली.

गुंड्या चालत होता. अजून भिंतीचा आधार न सोडलेलं पोर खोलीच्या मधोमध एकेक पाऊल टाकत चाललं होतं. डावा हात डोक्याच्या वर, मूठ वळलेली. मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी.

खरं सांगायचं तर तिला आधी भीती वाटली नाही, राग आला. लेकराचं पहिलं पाऊल, आणि ते भलत्याच कुणी बघावं!

"ये राजा... आईकडे ये..."

गुंड्या थांबला. त्यानं आईकडे पाहिलं नाही. उचललेल्या हाताच्या वर, जिथे एखाद्याचा चेहरा असेल तिथे पाहिलं. जरा थांबला. आणि पाठ फिरवून दुसरीकडे चालू लागला.

धाकटीनं झडप घालून त्याला उचललं, चार जिने धावत उतरली आणि इमारतीच्या फाटकाशी येऊन थोरलीला, म्हणजे मोठ्या जावेला, फोन लावला. भर दुपार, रस्त्यावर माणसं, तरी तिचे दात वाजत होते. गुंड्या जिन्याकडे हात करून आक्रोश करत होता.

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तूच सांगितलंस ना बघायला?"

"ताई, चुकून निघून गेलं हो तोंडातून!"

"रोज?"

धाकटीनं गुंड्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हे बघ, मला यातलं काही कळत नाही. पण आपल्या घरात रीत काय? ज्याच्याकडे पोर दिलं, त्याला न सांगता उचलून न्यायचं नाही. त्याच्या हातून घ्यायचं. तू तर पळवून आणलंस. वर जा, आभार मान आणि म्हण, आता माझ्याकडे द्या."

"आणि नाही दिलं तर...?"

"आधी माग तर खरं," थोरली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

नवरा येईपर्यंत, सातपर्यंत, फाटकाशी बसणं शक्य नव्हतं. रडून रडून पोर काळंनिळं पडलेलं. आणि हे रडणं आपल्यासाठी नाही, हे धाकटीला आतून जाळत होतं. माझं पोर माझं राहणार की नाही? ती वर गेली.

खोलीत ओल्या केसांचा वास होता. तिनं गुंड्याला खाली ठेवलं. रडणं चटकन थांबलं. डावा हात आपोआप वर गेला, मूठ वळली.

"झालं माझं काम," धाकटी म्हणाली. "फार... फार छान सांभाळलंत. आता... माझ्याकडे द्या."

ती गुडघ्यांवर बसली, बोट पुढे केलं आणि गुंड्याच्या वर धरलेल्या मुठीत सरकवायला गेली.

बोट आत जाईना. मुठीत जागाच नव्हती.

तिनं हात मागे घेतला. गुंड्यानं आता कुठे आईकडे पाहिलं, तोंडभर हसला आणि रिकामा राहिलेला उजवा हात तिच्यापुढे केला.

कुठली आई नाही म्हणेल? तिनं तो धरला. गुंड्या चालू लागला, खुशीत, मधोमध. धाकटी त्याच्या पावलांनी शेजारून चालत राहिली. उंबऱ्याशी येताच त्यानं, कुणी कधी शिकवलेलं नसताना, दोन्ही पाय उचलून झोका घेतला. जराही कलला नाही.

रोज कडेवर घेऊन त्याचं वजन तिला पाठ होतं. तिच्या हाताला त्याचं अर्धंच लागलं.