बाराव्या खडकावरून

भुताखेतांवर विश्वास ठेवा, असं कोणी म्हणत नाही. पण हे घडलंय. तेही भर दुपारी साडेतीनला, पंखा गरगरत असलेल्या ऑफिसात.

राखीव समुद्रातल्या जिवांची दरवर्षी मोजणी व्हायची. बारा खडक ठरलेले. ओहोटीला बोटीने खडकावर उतरायचं, शिंपले-खेकडे मोजायचे, भरतीआधी परत यायचं. सगळी आखणी वहिनीची. ऑफिसात सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तिचा धाकटा दीर तिथेच मोजणीला होता.

त्या दिवशी अहवालाची घाई. अकरा तक्ते आले. बारावा दिराचा, आणि तो अजून खडकावरच!

"नुसती गोगलगाय!" असं म्हणत वहिनीने मागच्या वर्षीचे आकडे उतरवले. फळ्यावर लिहिलं, 'बारावा पूर्ण. सगळे परत.'

बोटवाल्याने फळा वाचला आणि तो घरी गेला.

भरतीत तो खडक दोन पुरुष पाण्याखाली जातो.

वहिनीने फळा पुसला. खापर बोटवाल्यावर फोडलं. "फळ्यावर लिहिलं होतं हो!" तो पाया पडून सांगत होता. कोण ऐकतंय? गेला बिचारा तुरुंगात.

तिचा नवरा रोज बोट घेऊन भावाचा देह शोधायला जाऊ लागला.

आठव्या दिवशी टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला...

"वहिनी, पाणी घोट्याला लागलं. बोट पाठवताय ना?"

दिराचाच आवाज. शांत.

दुसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याला. तिने बॅटरी काढून टाकली. तिसऱ्या दिवशी... कमरेला.

चौथ्या दिवशी ती रडकुंडीला आली. "चुकलं माझं, भाऊजी! काय हवंय तुम्हाला?"

"दादाला खरं सांगा. छातीला लागलंय, वहिनी... उद्यापर्यंत सांगा."

सांगितलं की बोटवाला सुटणार आणि ती आत जाणार. त्या रात्री नवरा शेजारी छताकडे बघत पडला होता. तिने तोंड उघडलं नाही.

पाचवा दिवस.

"हनुवटीला आलं, वहिनी. पण आता भीती नाही वाटत... दादा आलाय सोबतीला."

तिने घाईघाईने नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजली...

वॉकीटॉकीतूनही तीच रिंग ऐकू येत होती.

मग बुडबुडे. मग काहीच नाही.

बोट सापडली, रिकामी. त्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती.

सासूबाई आता रोज दुपारी साडेतीनला उठून बसतात. चपला शोधतात.

"पोरं बोलावतायत गं खडकावर... म्हणतात, आधी तिला विचार. काय विचारायचं मी तुला?"

वहिनी बाहेर येते आणि खोलीला बाहेरून कडी घालते.

आतून दार वाजत राहतं.